दाजींची जर्मन गाडी आणि धौला कुवाँ

दिल्लीहून आल्यापासून जो तो विचारतो, काय काय पाहिलंस? लाल किल्ला? नाही. राजघाट? नाही. कुतुबमिनार पाहिला, पण धावत्या गाडीतून आणि झटके खात, त्यामुळे तो मला तुकड्यातुकड्यांनी दिसला. हे ऐकलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. त्यांना काय सांगू, की त्या चार दिवसांत मला जी मजा आली ती ताजमहाल दोनदा बघूनही आली नसती! म्हणून आता लिहूनच काढते.

कोल्हापुरात वडिलांच्या मागे त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान मी चालवते. सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, हेडलाइट, जे करंटवर चालतं ते सगळं माझ्या टेबलावर येतं. बाईमाणूस आणि हातात टेस्ट लॅम्प, याचं नवल आता गल्लीत कुणाला राहिलेलं नाही. माझी थोरली बहीण, अक्का, लग्न झाल्यापासून दिल्लीकडे. दाजी, म्हणजे तिचे यजमान, मूळचे साताऱ्याकडचे. लष्कराच्या वर्कशॉपमधून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाले आणि दिल्ली कॅन्टोन्मेंटचं क्वार्टर सोडून गुडगावात नव्याने उठलेल्या एका सोसायटीत राहायला गेले.

दाजींनी आयुष्यभर सरकारी ट्रक आणि जीपा दुरुस्त केल्या, स्वतःची म्हणून सायकलच होती. निवृत्तीनंतर कुठल्याशा वकिलातीच्या आवारात वर्षानुवर्षं उभी असलेली एक जर्मन गाडी त्यांनी मिळवली आणि जिवंत केली. सत्तरच्या दशकातली गाडी, पण कार्बुरेटर नाही. प्रत्येक सिलिंडरला पेट्रोलची स्वतःची पिचकारी, आणि कुठली कधी उडवायची ते ठरवायला सीटखाली एक पत्र्याचा डबा, त्या काळातला कॉम्प्युटर. आपल्याकडे नव्या गाड्यांना असली पिचकारीची इंजिनं आत्ता कुठे यायला लागली होती आणि जाहिरातींत त्याचा केवढा डांगोरा! दाजींच्या म्हातारीत ते माझ्या लग्नाच्या आधीपासून होतं.

तर या गाडीला वर्षभर एक खोड लागली होती. चालता चालता मिसिंग मारायची. म्हणजे इंजिन मध्येच ठोका चुकवायचं, गाडी दोन-तीन गचके द्यायची आणि पुन्हा काही झालंच नाही अशी पळायची. दाखवायला नेली की शहाण्यासारखी चालायची. पावसाळ्यात धौला कुवाँच्या चौकात ती अशीच गचके देत बंद पडली, मागून ट्रक येत होता, आणि आत अक्का होती. ट्रक थांबला. अक्काने मात्र त्या दिवशी या गाडीत पुन्हा न बसण्याची शपथ घेतली.

दाजींचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. “मेहुणीबाई, नवरात्रात या. येताना तुमचा मीटर घेऊन या.”

मागून अक्काने फोन ओढून घेतला. “मेतकूट आण, कांदा-लसूण मसाला आण, आणि यांची समजूत घालायला ये. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मायापुरीचा भंगारवाला येणार आहे. मी बोलून ठेवलंय.”

निजामुद्दीन ते गुडगाव

मिरजेहून सुटलेली गाडी निजामुद्दीनला पोचली तेव्हा सप्तमीची सकाळ होती. दाजी फलाटावर इस्त्रीच्या कपड्यांत ताठ उभे. बाहेर ती उभी होती: फिकट निळी, लांबलचक, क्रोमचे बंपर आरशासारखे लखलखीत. मी सामान ठेवायच्या आधी बोनेट उघडायला सांगितलं. हमाल हसला. दाजी मात्र एवढे खूश झाले की त्यांनी त्याला हवी ती हमाली दिली.

आणि काय ते इंजिन! कोल्हापुरात आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचं बोनेट उघडलं की तेल, धूळ आणि कधीतरी उंदराचं घरटं. इथे मात्र आतले सगळे पत्रे काळ्या रंगात चकाकत होते, बोल्टसुद्धा. “मागल्या वर्षी सगळं केलं,” दाजी म्हणाले. मी कौतुकाने शिट्टी वाजवली. त्या शिट्टीची मला पुढे लाज वाटणार होती.

सेल्फ मारला. काय दणक्यात फिरला! वडील म्हणायचे, सेल्फ ठणठणीत तर अर्थिंग ठणठणीत. दुकानात हा आमचा पाढा आहे, आणि तो मी तिथल्या तिथे म्हणून मोकळी झाले. अर्थिंग म्हणजे करंटची परतीची वाट, आणि ती आता माझ्या यादीतून बाद.

रिंग रोडला गाडी लोण्यासारखी चालली. धौला कुवाँला वळण घेताना रस्ता थोडा उखडलेला होता, आणि तिथे गचका बसला. मग आणखी एक. मागच्या बसचा हॉर्न कानाशी. दाजींच्या कपाळावर घाम आला, आणि मी, खरं सांगते, आनंदाने ओरडले, “मारली! मिसिंग मारली!” दुखणं डॉक्टरांसमोर दिसलं की निम्मं काम होतं. दाजींना हे पटल्यासारखं दिसलं नाही.

गुडगाव तेव्हा अर्धं शहर आणि अर्धं शेत होतं. काचेच्या उंच इमारतीसमोर म्हशी बसलेल्या, बाजरीच्या रानात “लक्झरी फ्लॅट”चा फलक, मोबाइल कानाला लावलेला माणूस उंटगाडीमागे अडकलेला. दाजींची सोसायटी मात्र लांबून ओळखू आली. फाटकापासून प्रत्येक झाडाला गुडघ्याएवढा गेरू आणि वर चुन्याचा पट्टा, वाफ्याच्या विटा एक लाल एक पांढरी.

“दाजी, हे तुमचं काम?” मी विचारलं.

“फौजेत म्हण आहे,” ते अभिमानाने म्हणाले, “हिले तो सलाम करो, ना हिले तो पेंट करो.”

घरात तुळशीची कुंडी रंगवलेली, गॅलरीचं ग्रिल रंगवलेलं, गॅसचा सिलिंडरदेखील. अक्का म्हणाली, “मी एका जागी फार वेळ बसत नाही, ते याच भीतीने.”

काश्मिरी गेट

अष्टमीला सकाळी शेजारच्या भाटियाभाभींकडे कंजक होती. आपल्याकडे नवरात्रात सवाष्ण जेवते, कुमारिका असतेच, पण तिथे आख्ख्या सोसायटीतल्या लहान मुलींना बोलावून, पाय धुऊन, शिरा, पुरी आणि काळे चणे वाढतात. मुली एका घरातून दुसऱ्या घरात पळत होत्या. भाभींनी मलाही ताट दिलं. त्या शिऱ्यात इतकं तूप होतं की बोटं दिवसभर मऊ राहिली.

मग आम्ही काश्मिरी गेटला गेलो. गाडीच्या सुट्या भागांचा एवढा मोठा बाजार मी जन्मात पाहिला नव्हता. गल्लीच्या गल्ली नुसते सायलेन्सर. गल्लीच्या गल्ली नुसते आरसे. माझी अवस्था दसऱ्याच्या खरेदीला आलेल्या नव्या नवरीसारखी झाली. दाजी घाई करत होते आणि मी प्रत्येक दुकानात “हे काय, ते काय” करत होते. प्लग घेतले, पॉइंट घेतले, कंडेन्सर घेतला, कोपऱ्यावर डाळ भरलेली बेडमी पुरी आणि आलूची भाजी खाल्ली. भाजीत हिंग एवढा, की नवरात्रात कांदा-लसूण सोडलेल्या लोकांनी त्याचा सूड हिंगावर घेतला असावा.

तिथेच रस्त्याकडेला जुने भाग काढून हे नवे बसवले. इंजिनच्या आवाजात चांगला फरक पडला. दाजी शीळ घालायला लागले. मेहरौलीमार्गे परत निघालो, कुतुबमिनार समोर दिसला, मी म्हटलं, वा! आणि गचका. मिनार डावीकडे गेला. गचका. मिनार वर गेला. दाजींची शीळ बंद पडली.

अक्का गॅलरीत वाट बघत होती. आमचे चेहरे बघून तिने ताटं घेतली. जेवताना दाजी म्हणाले, “एक ट्राय अजून.”

“ट्राय करा ना,” अक्का म्हणाली. “मी अडवलंय का? पण मी त्यात बसणार नाही, आणि तुम्ही रस्त्यात कुठे अडकलात म्हणून गॅलरीत उभीही राहणार नाही. त्या दिवशी ट्रकचा दिवा मी एवढ्या जवळून पाहिला.” तिने हाताने अंतर दाखवलं, ताटापासून पाण्याच्या तांब्याएवढं. दाजी खाली बघून भात कालवत राहिले.

मला तेव्हा कळलं की ही भांडाभांडी नाही. अक्का खरंच घाबरली होती. आणि दाजींना गाडी विकण्यापेक्षा जास्त हे लागलं होतं, की जिला त्यांनी घाबरवलं ती अक्का होती.

मग मीच मध्ये पडले. दसऱ्याला पहाडगंजच्या मराठी शाळेत सोनं वाटायचा कार्यक्रम असतो, अक्का दरवर्षी जाते. “अक्का, गचका न बसता तुला पहाडगंजला नेलं, तर?”

अक्काने तांब्या बाजूला सरकवला. “एकही गचका नाही?”

“एकही नाही.”

“आणि बसला तर भंगारवाल्याला चावी मी माझ्या हाताने देणार.”

दाजींनी भात कालवणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

काचेचं वर्कशॉप

त्याच दुपारी शेवटचा उपाय म्हणून हायवेवरच्या एका नव्याकोऱ्या सर्व्हिस सेंटरला गेलो. वर्कशॉप म्हणावं तर जमीन पांढऱ्या फरशीची, बसायला सोफे, टीव्हीवर क्रिकेट आणि मशीनमधली कॉफी. आमच्या दुकानात गिऱ्हाईक टायरवर बसतं. टाय लावलेला एक उमदा मुलगा आला, त्याने गाडीभोवती फेरी मारली आणि हात जोडले.

“अंकल, क्या चीज़ रखी है आपने! मॅडम, फ्युएल इंजेक्शन है तो स्कॅनर लगा देते हैं. बस इसका पोर्ट बता दीजिए.”

स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, ते आजाराचं नाव सांगतं. पण दाजींच्या गाडीचा कॉम्प्युटर अशा काळातला, की त्याला बोलता येत नव्हतं. आम्ही तिघं डॅशबोर्डखाली डोकं घालून पोर्ट, म्हणजे ते यंत्र जोडायची जागा, शोधत राहिलो. शेवटी तो मुलगा बाहेर आला, टायला धूळ लागलेली, आणि हसत म्हणाला, “मॅडम, ये तो मुझसे भी सीनियर है, मुझे जवाब नहीं देगी.”

मला तो फार आवडला. त्याने स्वतःहून पिचकाऱ्यांचं प्रेशर मोजून दिलं, ते अगदी बरोबर निघालं, आणि पैसे घ्यायला तयार होईना, गाडीबरोबर एक फोटो तेवढा मागितला. परतताना मी हिशेब मांडला. ठिणगी ठीक, पेट्रोल ठीक, प्रेशर ठीक, वायरी हलवून बघितल्या त्या ठीक. मग राहिलं काय? मला त्या प्रश्नाने इतकं झपाटलं की रस्त्यात दाजी काय बोलत होते ते एक अक्षर ऐकलं नाही.

खंडेनवमी

नवमीला आमच्याकडे शस्त्रं पुजतात, आणि ज्याची शस्त्रं पाने-पकडी आहेत तो त्या पुजतो. कोल्हापुरात दुकानात आदल्या दिवसापासून धुणंपुसणं चालतं. शस्त्राला नैवेद्य मटणाचा. गुडगावात मात्र अडचण: सगळी सोसायटी उपासाची, कांदाही कुणाच्या घरात नाही. अक्काने कॅन्टोन्मेंटमधल्या ओळखीतून मटण आणवलं, सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, फटीत टॉवेल कोंबले आणि मी नेलेला मसाला घातला. वास तरीही जिन्यात गेलाच. भाटियाभाभींनी बेल वाजवली. “दीदी, कुछ जल रहा है क्या?” अक्का म्हणाली, “पूजा है जी!” खोटं नव्हतं.

मी हसत हसत खाली आले. पार्किंगमध्ये दाजींनी सतरंजीवर सगळी हत्यारं मांडली होती, धुऊन, पुसून, लांबीच्या क्रमाने. शेजारी काळ्या रंगाचा डबा उघडा. बोनेट वर, आणि दाजी ब्रश घेऊन आत वाकलेले. पूजेला बसवायचं तर इंजिन सजवायला हवं ना! मी माझा मीटर आणि टेस्ट लॅम्प सतरंजीवर ठेवला आणि त्यांची गंमत बघत उभी राहिले.

हात मोठा सफाईचा. हवेचं मोठं नळकांडं त्यांनी काढून बाजूला ठेवलं होतं. त्याच्यामागे, पार खाली पत्र्यावर, एक बोल्ट होता, तोही काळा, म्हणून मला इतके दिवस दिसला नव्हता. दाजींनी पान्याने तो सोडवला. त्याखाली दोन-तीन वायरींची टोकं होती. त्यांनी ती अलगद उचलली, खालच्या पत्र्यावर ब्रश फिरवला, टोकांवर फिरवला, फुंकर मारली.

“दाजी, बोल्ट काढून खालनं का रंगवताय?”

“अगं, गंज आतून खातो. बाहेरून रंगवणं म्हणजे दिखावा. फौजेत आम्ही नटाच्या खालीसुद्धा रंग सोडला नाही कधी.”

“मागल्या खंडेनवमीलाही असंच केलं होतं?”

“बिल्कुल. डबल हात दिला होता.”

“आणि मिसिंग कधीपासून?”

“मागल्या दिवाळीच्या...” दाजींचा ब्रश हवेत थांबला.

मी किंचाळले. वरच्या मजल्यावर अक्काची खिडकी उघडली. मी त्या वायरींचा माग काढत गेले, त्या पत्र्यातून आत शिरत होत्या आणि सरळ सीटखालच्या डब्यापर्यंत पोचत होत्या. कॉम्प्युटरची अर्थिंग! सेल्फची अर्थिंग वेगळी, जाडजूड, ती ठणठणीतच होती, आणि मी बापाचा पाढा म्हणत बसले होते. या डब्याची परतीची वाट मात्र दाजींनी स्वतःच्या हाताने, दोन थर देऊन, रंगाने बंद केली होती. बोल्टचे आटे कुठेतरी टेकत होते म्हणून गाडी चालायची. रस्ता उखडलेला आला, बोल्ट थरथरला, की डब्याचा करंट तुटायचा आणि पिचकाऱ्या गप्प.

नुसतं म्हणून भागणार नव्हतं. ओला रंग पुसला, बोल्ट पहिल्यासारखा आवळला, नळकांडं बसवलं, इंजिन सुरू केलं आणि हात खाली घालून ती वायर बोटाने जरा हलवली. इंजिनने ठोका चुकवला. सोडली, सुरळीत. हलवली, गचका. सोडली, सुरळीत. वर्षभर जी खोड आपल्या मर्जीने यायची ती आता माझ्या बोटाच्या तालावर नाचत होती! मी पार्किंगमध्ये अक्षरशः फुगडीची एक गिरकी घेतली. वॉचमन बघत राहिला.

इंजिन बंद केलं आणि सँडपेपर दाजींच्या हातात दिला. फौजी माणसाला स्वतःचा रंग खरवडायला सांगणं म्हणजे काय ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

“गंज लागेल,” ते हळूच म्हणाले.

“खाली कोरडा पत्रा, घट्ट आवळायचं, मग वरून व्हॅसलिन. नाही लागत.”

त्यांनी घासायला घेतलं. काळ्यातून पांढराशुभ्र पत्रा वर आला, जुन्या रुपयाएवढा. वायरींची टोकं घासली, बोल्ट घासला. “म्हणजे माझ्याच ब्रशने,” ते मान न वळवता म्हणाले, “तिला मी ट्रकपुढे उभी केली.” मला चेष्टा सुचली होती, ती मी गिळली.

तेवढ्यात वरून अक्का पूजेचं ताट घेऊन आली. खिडकीतून तिने सगळं ऐकलं होतं. आम्ही दोघं चोरासारखे उभे. तिने स्टेअरिंगला हळद-कुंकू वाहिलं, पान्यांना वाहिलं, माझ्या मीटरला वाहिलं आणि बोट बुडवून त्या घासलेल्या पत्र्याकडे वळली.

“तिथे नको!” आम्ही दोघं एकदम ओरडलो.

अक्का दचकली, मग हसायला लागली, आणि ते कुंकू तिने दाजींच्या कपाळाला लावलं. रंगाचा डबा मात्र झाकण लावून वर घेऊन गेली.

पहाडगंज

दसऱ्याला दुपारी निघालो. आपट्याची पानं तिथे मिळत नाहीत, म्हणून सोसायटीच्या भिंतीलगतच्या कांचनाची तोडली होती, ती पिशवीत माझ्या मांडीवर. अक्का मागे बसली, दाराच्या कडीला घट्ट धरून. दाजींनी कॉलर सारखी केली, आरसा सारखा केला, पुन्हा आरसा सारखा केला.

रस्त्यावर रावणच रावण. सायकल रिक्षांवर आडवे घातलेले, टेम्पोतून दहा डोकी बाहेर काढलेले, एक तर मोपेडवर मागच्या सीटला मिठी मारून बसलेला. गर्दी एवढी की इंजिन तापलं, आणि मला तेच हवं होतं. धौला कुवाँ आला. तोच उखडलेला रस्ता, मागे तशीच एक बस. दाजींनी श्वास धरला. मी धरला. चाकं खड्ड्यात गेली, वर आली. इंजिन एकसारखं बोलत होतं. पुढचा खड्डा. काही नाही. वळण संपलं, झाडांची सावली आली, आणि मला एकदम रडू फुटलं, ते मी पानांच्या पिशवीत लपवलं.

“अक्का, पाहिलंस?” मी मागे वळले.

अक्काचा हात कडीवरून सुटून मांडीवर पडला होता. मान काचेला टेकली होती. दोन दिवस स्वयंपाक, पूजा आणि काळजी करून ती गाढ झोपली होती. मला वाटतं, धौला कुवाँच्या आधीच झोपली असावी.

मी तिला हलवायला हात पुढे केला. दाजींनी आरशात पाहिलं, आणि डावा हात उचलून मला थांबवलं. आम्ही कनॉट प्लेसला आलो. पहाडगंजला तिथून वळायचं. दाजी वळले नाहीत. त्यांनी पांढऱ्या खांबांच्या त्या गोलाला एक पूर्ण फेरी घातली, मग सावकाश आणखी एक. नाकाच्या शेंड्यावर एक थेंब लोंबत होता तो पुसायलाही त्यांनी स्टेअरिंग सोडलं नाही.

शाळेच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा अक्का जागी झाली. आतून मराठी गलका ऐकू येत होता. तिने पदर सारखा केला, बाहेर पाहिलं, आणि म्हणाली, “आलंसुद्धा? मग त्या मायापुरीवाल्याला इथूनच फोन करून टाका, उगीच हेलपाटा नको त्याला.”